फितीवरची मालकी : होम व्हिडिओच्या बोधचिन्हांचा इतिहास

घरी बसून चित्रपट पाहण्यासाठी ज्या चित्रफिती आणि तबकड्या बाजारात आल्या, त्यांच्या आरंभी चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओच्या मुद्रेच्याही आधी काही सेकंदांचे आणखी एक चलचित्र येत असे. काळ्या पार्श्वभूमीवर झळाळत्या रेषा धावत येत, त्यांची अक्षरे बनत, सिंथेसायझरचे चारदोन सूर वाजत आणि एखाद्या कंपनीचे नाव पडद्यावर स्थिरावे. ही कंपनी बहुधा चित्रपटाची निर्माती नसे. तो चित्रपट फितीवर उतरवून विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क जिने मिळवला होता, ती ही कंपनी. प्रेक्षक हा भाग पुढे पळवत आणि कलेच्या इतिहासकारांनीही त्याची फारशी दखल घेतली नाही. तथापि ही बोधचिन्हे कलाकृती म्हणून न पाहता मालकीचा दस्तऐवज म्हणून वाचली, तर होम व्हिडिओ या धंद्याचा जवळजवळ सगळा इतिहास त्यांतून उलगडता येतो. कारण कोरी फीत कोणालाही विकत मिळत होती, तिच्यावर नक्कल उतरवणारे यंत्र घरोघर पोहोचले होते आणि अशा वस्तूवर आपला हक्क सांगण्यासाठी खोक्यावरचा छापील कागद पुरेसा नव्हता, तो हक्क चित्राच्या आतच नोंदवणे भाग होते.

सोनी कंपनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसी कंपनीचे व्हीएचएस १९७६ मध्ये जपानच्या बाजारात आले. दोन्ही यंत्रे मुख्यत्वे दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून सवडीने पाहण्यासाठी होती. तयार चित्रपटांच्या फिती विकण्याची कल्पना त्या वेळी मोठ्या स्टुडिओंच्या डोक्यात फारशी नव्हती, किंबहुना त्यांना या यंत्राची धास्तीच वाटत होती. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ मध्ये सोनीविरुद्ध दावा लावला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाली निघाला. घरी पाहण्यासाठी कार्यक्रम मुद्रित करणे हा हक्कभंग नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र निकालाची वाट न पाहता धंदा केव्हाच सुरू झाला होता.

त्याची सुरुवात मिशिगन राज्यातल्या मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीने केली. फितींच्या नकला काढून देणे हे तिचे मूळ काम. तिचे मालक आंद्रे ब्ले यांनी १९७७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० चित्रपट फितीवर आणण्याचा परवाना घेतला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’, ‘पॅटन’ आणि ‘मॅश’ हे त्या यादीतले चित्रपट. येथे एक नवाच पेच उभा राहिला. चित्रपटाच्या प्रारंभी फॉक्सचे शोधझोत आणि त्याची सुपरिचित तुतारी असणारच होती, कारण ती मूळ फिल्मचाच भाग होती. पण प्रेक्षकाच्या हाती असलेली वस्तू फॉक्सची नव्हती. तक्रार असली तर ती कोणाकडे न्यायची, नक्कल निघाली तर दावा कोणी लावायचा आणि पुढची फीत कोणाच्या नावाने मागायची, हे सांगणारी वेगळी खूण फॉक्सच्या मुद्रेच्या पुढे जोडावी लागली. चित्रपटाची मालकी एकाची आणि फितीची दुसऱ्याची, या विभागणीतून होम व्हिडिओचे बोधचिन्ह जन्माला आले.

ब्ले यांचा धंदा इतका चालला की थोड्याच काळात फॉक्सने ती कंपनीच विकत घेतली. त्यानंतर त्याच चित्रपटांच्या फितींवर आधी फॉक्सच्या व्हिडिओ विभागाचे आणि १९८२ पासून सीबीएस-फॉक्स व्हिडिओचे नाव दिसू लागले. त्या दशकातील कंपन्यांची जोडनावे लक्षात घेण्याजोगी आहेत : एमजीएम-सीबीएस, एमजीएम-यूए, आरसीए-कोलंबिया, थॉर्न ईएमआय-एचबीओ. यांतले प्रत्येक जोडनाव म्हणजे एक करार. एकाकडे चित्रपटांचा साठा होता, दुसऱ्याकडे वितरणाची यंत्रणा किंवा भांडवल होते. भागीदारी झाली की दोन नावे एका चौकटीत येत, मोडली की नवे चलचित्र तयार करावे लागे. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दहा वर्षांतल्या फिती शेजारी ठेवल्या, तर तीन-तीन वेगळी बोधचिन्हे सापडणे मुळीच नवलाचे नाही आणि त्यांचा क्रम लावत गेल्यास सातबाऱ्यावरच्या फेरफारांच्या नोंदी वाचल्यासारखा हक्कांचा प्रवास समोर येतो.

स्टुडिओंच्या बाहेरच्या कंपन्यांची गोष्ट आणखी वेगळी होती. ऑस्टिन फर्स्ट यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेल्या व्हेस्ट्रॉन व्हिडिओने टाइम-लाइफच्या चित्रपटांचे हक्क घेऊन सुरुवात केली, भयपट आणि अल्पखर्ची चित्रपटांवर जम बसवला आणि १९८७ मध्ये ‘डर्टी डान्सिंग’ची स्वतः निर्मिती करून मोठे यश मिळवले, पण ते यश पुढे टिकवता आले नाही आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर तिचा साठा लाइव्ह एंटरटेन्मेंटकडे गेला. पुढे तो लायन्सगेटच्या ताब्यात आला आणि त्या कंपनीने २०१६ मध्ये संग्राहकांसाठी काढलेल्या ब्लू-रे तबकड्यांच्या मालिकेला व्हेस्ट्रॉनचेच नाव दिले. मालकी सांगण्यासाठी केलेली खूण मालक बदलल्यावरही स्वतंत्र किमतीची ठरली, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

ही चलचित्रे तयार कशी होत, हा प्रश्न तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण संगणकाने काढलेली वाटणारी त्यांतली पुष्कळशी चित्रे संगणकावर तयार झालेलीच नव्हती. एक पद्धत पाठीमागून प्रकाश देण्याची होती. अक्षरांचे छायाचित्र अत्यंत तीव्र विरोधाच्या फिल्मवर असे घेत की अक्षर तेवढे पारदर्शक आणि बाकी सारे ठार काळे राही. ही फिल्म खालून उजळलेल्या काचेवर ठेवून तिच्याखाली रंगीत जिलेटिनचा कागद सरकवला की काळोखात रंगीत अक्षर चमके. कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवूनच कॅमेरा अक्षराकडे नेला, तर त्याच्यामागे प्रकाशाची लांब शेपटी उमटे. मग तीच फिल्म उलटी गुंडाळून दुसऱ्या रंगासाठी, तिसऱ्या झळाळीसाठी पुन्हा पुन्हा प्रकाशित करायची. एका फेरीत चूक झाली तर आधीच्या सगळ्या फेऱ्या वाया जात. कॅमेऱ्याची हालचाल प्रत्येक फेरीत तंतोतंत तीच राहावी म्हणून ती यंत्राने नियंत्रित केली जाई. लॉस एंजेलिसमधील रॉबर्ट एबल यांच्या कंपनीने सत्तरच्या दशकात जाहिरातींसाठी ही शैली लोकप्रिय केली आणि तिची छाप पुढे व्हिडिओ कंपन्यांच्या बोधचिन्हांवर पडली.

दुसरी पद्धत स्कॅनिमेट या यंत्राची होती. ली हॅरिसन यांनी अमेरिकेतील डेन्व्हर येथे विकसित केलेले हे यंत्र ॲनालॉग संगणक होते, म्हणजे ते आकड्यांवर नव्हे तर विजेच्या दाबातील चढउतारांवर चालत असे. पारदर्शक फिल्मवरील कृष्णधवल अक्षर कॅमेऱ्याने टिपून एका लहान चित्रनळीवर उमटवले जाई. ज्या विद्युतप्रवाहांमुळे नळीतील किरण डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरतो, त्यांत यंत्रचालक खुंट्या फिरवून आणि तारा जोडून फेरफार करी, त्यामुळे अक्षर ताणले जाई, वळे, लाटेसारखे हेलकावे किंवा तुकड्यातुकड्यांनी उडे. दुसरा कॅमेरा ते चित्र पुन्हा टिपे आणि करड्या रंगाच्या प्रत्येक छटेला एकेक रंग दिला जाई. हे सारे त्याच क्षणी डोळ्यांसमोर घडत असल्याने काम झपाट्याने होई. मात्र जतन करण्यासारखी कोणतीही नोंद मागे राहत नसे. तारा काढल्या की ते चित्र पुन्हा हुबेहूब जमवणे कठीण. अशी जेमतेम ८ यंत्रे बनली, पण सत्तरच्या दशकातील आणि ऐंशीच्या आरंभीच्या अमेरिकी दूरचित्रवाणीचा नि व्हिडिओचा चेहरामोहरा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९८१ मध्ये ब्रिटनमधील क्वान्टेल कंपनीचे पेंटबॉक्स आले आणि अंकीय चित्रण स्वस्त होत गेले, तशी ही दोन्ही कसबे मागे पडली.

काळी पार्श्वभूमी आणि ठसठशीत अक्षरे यांची निवड केवळ शैलीपोटी झाली नव्हती. व्हीएचएस फितीवर रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कितीतरी ढोबळपणे नोंदवली जाते. त्यामुळे लाल रंग कडांबाहेर ओघळतो आणि बारीक रंगीत रेषा शेजारच्या रंगात मिसळतात. आवाजाचीही तीच गत होती. भारतात आणि युरोपात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या व्हीएचएसमध्ये फीत सेकंदाला सुमारे २.३ सेंटिमीटर वेगाने सरकते आणि तिच्या कडेवरच्या अरुंद पट्टीत आवाज नोंदवला जातो; गाण्याची साधी कॅसेट याच्या दुपटीने, सेकंदाला सुमारे ४.८ सेंटिमीटर वेगाने धावते. अशा पट्टीवर तंतुवाद्यांची नजाकत टिकणे अवघड, सिंथेसायझरचे जाड, सलग सूर मात्र झिजलेल्या प्रतीतही ओळखू येत. अनेक पाश्चात्त्य संग्राहक लहानपणी या बोधचिन्हांची भीती वाटत असल्याचे सांगतात. काळोख, मानवी चेहऱ्याचा अभाव आणि अचानक उसळणारा यांत्रिक सूर पाहता ती भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

डिस्नेने या खुणेचा उपयोग सर्वांत धूर्तपणे केला. फितींविरुद्ध न्यायालयात लढत असतानाच १९८० मध्ये या कंपनीने स्वतःचा व्हिडिओ विभाग उघडला आणि निऑन दिव्यांसारख्या रंगीत रेषांतला मिकी त्याच्या आरंभी आणला. पण गाजलेले ॲनिमेशनपट फितीवर आणायला ती कचरत होती. ठरावीक वर्षांनी तेच चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लावून पैसा मिळवणे ही तिची जुनी रीत होती आणि घरोघर फीत गेली तर हे उत्पन्न बुडेल, असा तिचा हिशेब होता. १९८४ च्या अखेरीस ‘रॉबिन हूड’पासून अभिजात चित्रपटांची वेगळी मालिका निघाली आणि तिला काळ्या हिऱ्याच्या आकाराची खूण देण्यात आली. फिती मर्यादित काळ विकायच्या आणि मग बाजारातून काढून घ्यायच्या, हे धोरण त्या खुणेमागे होते. १९८६ मध्ये ‘फँटेशिया’तील जादूगाराच्या टोपीतला मिकी व्हिडिओ विभागाच्या आरंभचित्रात आला. आजकाल काळ्या हिऱ्याच्या फितींना लाखो रुपये मिळतात अशा वार्ता अधूनमधून पसरतात. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या एकट्या फितीच्या सुमारे २ कोटी प्रती खपल्या होत्या, एवढे लक्षात घेतले तरी त्या वार्तांची किंमत कळते.

बोधचिन्हाच्या आगेमागे इतर पाट्याही जमत गेल्या. अमेरिकी फितींवर एफबीआयचा इशारा आला, ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्याने फितींचे वयोगटानुसार प्रमाणन सक्तीचे झाले आणि पुढे तेथील काही फितींवर एक निवेदक चित्रपटाआधी ते प्रमाणपत्र समजावून सांगू लागला. १९८७ मध्ये ‘टॉप गन’च्या फितीवर चित्रपटाआधी शीतपेयाची जाहिरात आली आणि तिच्या जोरावर फीत स्वस्तात विकता आली. डोळ्यांना न दिसणारी खूणही याच काळातली आहे : मॅक्रोव्हिजन या तंत्रात चित्राच्या दोन फेऱ्यांमधल्या, पडद्यावर न उमटणाऱ्या ओळींत तीव्र विद्युतस्पंद मिसळले जात, त्यामुळे दूरचित्रवाणीवर चित्र नीट दिसे, परंतु नक्कल काढू पाहणाऱ्या यंत्राचे प्रकाशाचे मोजमाप चुके आणि प्रत आळीपाळीने उजळ-काळोखी होई. मालकी सांगणे आणि मालकी राखणे ही कामे अशी एकाच फितीवर शेजारीशेजारी चालू होती.

या सर्वांत एक खूण मालकीची नव्हती. १९८३ मध्ये चित्रपटगृहांतील ध्वनीची प्रत तपासण्यासाठी निघालेल्या टीएचएक्सचे चिन्ह पुढे लेझर डिस्कवर, व्हीएचएसवर आणि डीव्हीडीवरही आले. त्याच्यासोबत वाजणारा नाद जेम्स मूरर यांनी संगणकावर रचला : २०० ते ४०० हर्ट्झ या टापूत विस्कळीत भटकणारे ३० स्वर हळूहळू पांगत जाऊन अनेक सप्तकांवर पसरलेल्या एका भव्य स्वरसंघात स्थिरावतात. घरच्या दूरचित्रवाणीच्या बोटभर ध्वनिक्षेपकातून त्यातले फार थोडे ऐकू येई, ही गोष्ट वेगळी.

तबकडीने बोधचिन्हाला एक नवे बळ दिले. लेझर डिस्क १९७८ मध्येच अमेरिकेत विक्रीला आली होती, पण ती कधीच घरोघर गेली नाही. खरा बदल १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत अवतरलेल्या डीव्हीडीने घडवला. या तबकडीवर चित्राबरोबर आज्ञाही नोंदवता येतात आणि अमुक भाग चालू असताना प्रेक्षकाची बटणे निकामी ठेवावीत, अशी आज्ञा त्यांत देता येते. फितीवरची इशारापाटी निदान पुढे पळवता येत होती, डीव्हीडीवर ती मुकाट्याने पाहावी लागे. आणि ज्याने तबकडी रीतसर विकत घेतली त्यालाच ही शिक्षा, कारण नकली तबकडी काढणारा हा भाग सहज वगळत असे. याशिवाय जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला क्रमांक देण्यात आला आणि भारताच्या वाट्याला पाचवा विभाग आला. यंत्र थांबलेले असताना पडद्याच्या कडांवर आपटत फिरणारे डीव्हीडीचे चिन्ह मात्र कोणत्याही चित्रपट कंपनीचे नव्हते, ते खुद्द तंत्राचेच होते, आणि आज लोकांच्या स्मरणात बहुतेक कंपन्यांच्या मुद्रांपेक्षा तेच अधिक टिकून आहे.

भारतात या इतिहासाला कायद्याने वेगळे वळण दिले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, त्यासोबत व्हीसीआर आले, गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या, लांब पल्ल्याच्या खासगी गाड्या ‘व्हिडिओ कोच’ झाल्या आणि चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. हिंदी चित्रपटांचे परदेशांतील व्हिडिओ हक्क स्वतंत्रपणे विकले जात असल्याने तिकडे निघालेल्या फितीही उलट वाटेने येथे येत. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन ५२अ हे कलम घातले गेले. त्यानुसार प्रत्येक व्हिडिओ चित्रपटात, तो दाखवला जात असताना आणि त्याच्या वेष्टनावरही, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचे नाव व पत्ता, मूळ मालकाकडून परवानगी घेतल्याचे त्याचे निवेदन आणि हक्कधारकाचे नाव व पत्ता देणे बंधनकारक झाले. उल्लंघनाला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. पाश्चात्त्य कंपन्यांनी जो हक्क झळाळत्या रेषांतून सूचित केला, तो भारतीय फितीवर पत्त्यासह लिहून द्यावा लागला. हिंदी चित्रपटांच्या कॅसेटींच्या आरंभी प्रमाणपत्रानंतर इमारत, रस्ता आणि पिनकोडासह जे पत्ते स्थिरचित्राप्रमाणे रेंगाळत, त्यांचे मूळ या कलमात आहे.

मुंबईतील शेमारू ही या धंद्यातील जुनी कंपनी. ती १९६२ मध्ये पुस्तके फिरतीवर देणारे वाचनालय म्हणून सुरू झाली, १९७९ मध्ये तिने व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देण्यास आरंभ केला आणि १९८७ पासून ती स्वतः वितरणात उतरली. भाड्याने वस्तू देणाऱ्याला ती आपलीच आहे हे पानोपानी सांगावे लागते. वाचनालयाचा शिक्का पुस्तकाच्या मधल्या पानांवरही मारतात तो याचसाठी. भारतीय व्हिडिओ कंपन्यांनी नेमका हाच मार्ग धरला आणि चित्रपटभर पडद्याच्या कोपऱ्यात आपले नाव ठेवले. काहींनी खालून सरकत जाणाऱ्या जाहिरातीही घातल्या.

व्हिडिओ सीडीच्या काळात कोपऱ्यातली ही खूण जवळजवळ अटळ झाली. १९९३ मध्ये ठरलेल्या या तंत्रात एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावे, म्हणून अडीच-तीन तासांच्या चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागत. शिवाय तिच्यात विभागांचे क्रमांक नव्हते, नक्कल रोखणारी योजना नव्हती, आणि संगणक असलेल्या कोणालाही तिची प्रत काही मिनिटांत काढता येई. आरंभीची पाटी कापून टाकणे सोपे, चित्रातच कोरलेले नाव काढणे अवघड, असा सरळ व्यवहार त्यामागे होता. २००७ च्या सुमारास कोऱ्या तबकड्या बनवणारी मोझर बेअर ही कंपनी चित्रपटांच्या बाजारात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. चोरट्या प्रतीच्या भावात अस्सल प्रत मिळू लागल्याने बोधचिन्ह प्रथमच पदपथावरच्या दुकानातही विक्रीचे कारण बनले, पण इंटरनेटच्या रेट्यापुढे हा डाव फार काळ टिकला नाही आणि पुढे ती कंपनीच दिवाळखोरीत गेली.

मराठी नाटकांच्या व्हीसीडींची गोष्ट थोडी निराळी आहे. चित्रपटाला स्वतःची दृश्य मुद्रा असते. नाट्यसंस्थेची मुद्रा म्हणजे तिसऱ्या घंटेनंतरची, पडदा उघडण्यापूर्वी होणारी घोषणा, आणि ती ऐकायची गोष्ट असते. नाटक तबकडीवर आले तेव्हा त्याच्यापुढे उभी राहिली ती व्हिडिओ कंपनीचीच मुद्रा, त्यामुळे पुण्या-मुंबईत काय किंवा परदेशातील मराठी घरांत काय, अनेक प्रेक्षकांच्या मनात ते नाटक निर्मात्या संस्थेइतकेच तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या नावाशीही जोडले गेले.

हक्क पुन्हा विकले जातात तेव्हा नवा मालक जुने बोधचिन्ह कापून तेथे आपले लावतो; पाश्चात्त्य देशांत चित्रपट मूळ निगेटिव्हवरून नव्याने तयार होत असल्याने फितींवरच्या खुणा अधिकृत प्रतींतून नाहीशा झाल्या आहेत आणि छंदिष्टांनी जपलेल्या झिजक्या कॅसेटींत तेवढ्या उरल्या आहेत. भारतात घडले ते याच्या उलट. येथे कित्येक चित्रपटांच्या निगेटिव्ह नष्ट झाल्या, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापर्यंत सगळे चित्रपट पोहोचले नाहीत, आणि काहींची पाहता येण्याजोगी प्रत म्हणून व्हिडिओ किंवा व्हीसीडीच शिल्लक राहिली, जिच्या कोपऱ्यात पहिल्या दृश्यापासून अखेरपर्यंत कंपनीचे नाव आहे. ते पुसायचे तर त्याखालचे चित्र आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने भरावे लागते. म्हणून बहुतेक वेळा ते तसेच ठेवले जाते, मग ती कंपनी केव्हाच बंद पडलेली असो वा चित्रपटाचे हक्क आता तिसऱ्याच कोणाकडे असोत.